केंद्राच्या निळ्या चपला

पोहण्याच्या मास्तरांच्या उजव्या पायाचा अंगठा बुरशीच्या ताब्यात गेला आणि तलावाच्या व्यवस्थापनाने या घटनेची गंभीर दखल घेतली. नख जाड, पिवळट आणि कडेने भुसभुशीत झाले होते. निरोगी नखांचा दाखला आणेपर्यंत मास्तरांनी पाण्यात पाय घालायचा नाही, असे ठरले. उभी हयात पाण्यात काढलेला हा माणूस बूट घालून काठावर उभा राहिला आणि हातवारे करून मुलांना पोहणे शिकवू लागला. मुले बुडाली नाहीत, शिकलीही नाहीत. पुढच्या मोसमापर्यंत दाखला आला नाही तर नोकरी जाणार होती आणि मास्तरांना दुसरे काहीही येत नव्हते.

दाखला लेझर नखोपचार केंद्रात मिळे. केंद्र चकाचक होते. यंत्राला स्वतंत्र खोली होती, खोलीला थंड हवा होती आणि दाराशी निळ्या रबरी चपलांचा एकच जोड होता.

"बूट-मोजे काढा, या चपला घाला," दारावरच्या बाई म्हणाल्या. "आत स्वच्छता पाळावी लागते."

"ओल्या आहेत हो या."

"प्रत्येक पेशंटनंतर धुतो आम्ही. पुसायचा नियम नाही."

चपला आतून बुळबुळीत होत्या. मास्तरांनी डोळे मिटून पाय सरकवले. डॉक्टरीणबाईंनी नखावर लेझर फिरवला, चटका बसला, मास्तरांनी तो आनंदाने सोसला.

काही महिन्यांत अंगठ्याचे नख मुळाकडून स्वच्छ येऊ लागले. शेजारचे बोट मात्र पिवळे पडले.

"ते वेगळं नख आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगठ्याचा उपचार यशस्वी झालाय."

मग तिसरे बोट यशस्वी झाले, मग डावा पाय. केंद्राच्या दृष्टीने मास्तर हे एकटेच अनेक बरे झालेले रुग्ण होते.

"डॉक्टर, मला वाटतं, या चपलांमुळेच होतंय."

"चपलांवर शंका घेऊ नका, मास्तर. बुरशी पसरू नये म्हणूनच तर त्या ठेवल्यात."

तक्रार वर गेली. तपासणी समिती आली. नियम सर्वांना सारखा असल्याने सदस्यांनी एकेक करून तोच ओला जोड चढवला, आत फेरी मारली आणि चपला निर्दोष असल्याचे एकमताने जाहीर केले.

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, एवढंही सुचत नाही तुम्हाला? पायात प्लास्टिकची पिशवी घाला आणि वर घाला त्यांच्या चपला."

मास्तर पायात पिशवी घालून जाऊ लागले. दारावरच्या बाईंनी हरकत घेतली नाही, कारण पिशवीबद्दल नियम नव्हता. हळूहळू सगळी नखे स्वच्छ झाली. मास्तर इतके हरखले की येता-जाता स्वतःच्याच पायांकडे पाहत राहत आणि दारांना धडकत.

दरम्यान समितीची नखे पिवळी पडली. डॉक्टरीणबाईंची पडली, समितीच्या वरिष्ठांचीही पडली, कारण ते समितीच्या कामाची पाहणी करून गेले होते. इतक्या जबाबदार लोकांना एकाच वेळी रोग होणे शक्य नव्हते. म्हणून निरोगी नखाची व्याख्या सुधारण्यात आली: जाड, पिवळट, कडेने किंचित भुसभुशीत.

मास्तर दाखल्यासाठी गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांची नखे भिंग लावून पाहिली आणि मान हलवली.

"जुळत नाहीत. फार स्वच्छ आहेत."

"अहो, पण मी बरा झालोय."

"त्याबद्दल अभिनंदन. दाखला मात्र निरोगी माणसाला मिळतो."

मास्तरांना रडू आवरेना. घरी आल्यावर बायकोने त्यांच्या पायातली पिशवी काढली, घडी घातली आणि फडताळात ठेवून दिली.

"उद्यापासून नुसत्याच चपला घाला," ती म्हणाली.

नवा मोसम सुरू झाला. मास्तर पुन्हा पाण्यात आहेत, दाखला तलावाच्या भिंतीवर आहे आणि मुलांसाठी आता तिथेही स्वच्छतेखातर निळ्या चपलांचा एक जोड ठेवला आहे. पालक समाधानी आहेत.

तुम्हाला हसू आले असेल तर जरूर हसा. फक्त आधी पायमोजे काढा.