कूलरसमोरची खुर्ची

ठवकर सरांच्या अंगणातून एक कुत्रं त्यांची उजवी चप्पल घेऊन पळालं, तेव्हा सर डाव्या चपलेवर त्याच्या मागे गेले. मारायला नाही. चौकात त्याला गाठलं, समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काहून नेली गा? तुझी बाजू तर सांग."

कुत्र्याने बाजू मांडली नाही. सरांनी 'खुलासा अप्राप्त' असं धरून निकाल राखून ठेवला आणि आरोपीला रोज एक पोळी सुरू केली. चप्पल अजून मिळालेली नाही. कुत्रं मात्र तेव्हापासून त्यांच्याच फाटकाशी राहतं.

सर आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, अगदी माझ्या समोर राहतात. मूळचे नागपूरजवळच्या कुहीकडचे. निवृत्त होईपर्यंत आम्ही एकाच शाळेत होतो. ते नागरिकशास्त्र शिकवायचे आणि मी गणित. हे दोन विषय एका वाक्यात लिहायलाही मला तेव्हा कमीपणा वाटला असता. मी अठ्ठावीस वर्षांची, साडी कडक इस्त्रीची, काखेत लाकडी कंपास, आणि नाक चष्म्याच्याही वर. गणिताची बाई म्हणजे देवाच्या खालोखाल, आणि परीक्षेच्या महिन्यात तर देवही खालीच, असं माझं प्रामाणिक मत होतं.

आता शाळांची एक जुनी रीत आहे. परीक्षा जवळ आली की नागरिकशास्त्राचा तास गणिताला जातो. तो मागायचा नसतो, घ्यायचा असतो. चित्रकलेचे सर, पीटीचे सर, सगळे मला बघून आपणहून वर्गाबाहेर पडत. ठवकर सर मात्र दारातच हात पुढे करायचे. "अर्ज?"

लेखी अर्ज. 'विषय: नागरिकशास्त्राचा तास गणितासाठी मिळणेबाबत.' खाली कारण, दिनांक, सही. एकदा मी कारणापुढे 'उघड आहे' एवढंच लिहिलं. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'उघड असल्यास लिहिण्यास हरकत नसावी.'

मी चिडून स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुमचा विषय पोरं आदल्या दिवशी पाठ करून पास होतात. त्याला तास कशाला पाहिजे?"

"पाठ करतात म्हणूनच तर पाहिजे न, बाई," सर म्हणाले आणि डब्यातलं वांगं चिवडत बसले.

पण माझा एकही अर्ज त्यांनी नामंजूर केला नाही. मला वाटायचं, माणूस मला घाबरतो. केवढी मी हुशार.

एकदा उत्तर माझ्यापेक्षा वेगळं, म्हणजे गृहपाठ कुठून तरी उतरवून आणला, असं ठरवून मी एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं. पाच मिनिटांत सर दारात. "बाई, हिची बाजू ऐकली का?"

"गणितात बाजू नसते सर."

"त्रिकोणाले तर तीन-तीन असतात."

वर्ग हसला. मग बाजू ऐकणं भाग पडलं. मुलीने स्वतः, दुसऱ्याच रीतीने उदाहरण सोडवलं होतं आणि तिचं उत्तर बरोबर होतं. चूक माझ्या फळ्यावर होती. तो फळा मी इतक्या घाईने पुसला की खडूने माझी साडी पांढरी झाली.

निवृत्तीनंतर सरांनी आमच्या समाजभवनात रविवारी सकाळी आठचा वर्ग काढला. हक्क आणि कर्तव्यं. विद्यार्थी सात, त्यात माझी नात रेवा. पुस्तक नाही, परीक्षा नाही. सगळं शिक्षण तिथल्या कूलरवर. कूलरसमोर बसायचा हक्क सगळ्यांना, पण ज्याने बादलीभर पाणी टाकलं नाही त्याने तिथे बसायचं नाही. सरांना स्वतःसाठी सूट घेणं पटत नसे म्हणून की काय, ते स्वतःही नळावरून बादली आणत. "संविधान काय कपाटात ठेवायची चीज आहे का गा?" ते पोरांना म्हणायचे. "ते भरा लागते. रोज."

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी रेवा टेबलाशी मान मोडून लिहीत होती. मी डोकावले तर म्हणाली, "आजी, थांब न. मी अर्ज लिहून राहिली."

विषय होता, 'रविवारचा वर्ग बंद करणेबाबत.' कारण: आठवड्यातून एक दिवस उशिरापर्यंत झोपण्याचं स्वातंत्र्य. सात सह्या. दिनांकासकट.

सरांनी तो अर्ज दोनदा वाचला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मुद्देसूद आहे. पुढच्या रविवारी गुप्त मतदान घेऊ."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या फाटकाशी गेले. "सर, मतदानाआधी पोरांना तर्री-पोहे खाऊ घाला. सातही मतं तुमची."

"मतदाराले लालूच?" मी मतपेटी पळवायला निघाले आहे अशा नजरेने ते माझ्याकडे बघू लागले. "मग आजवर शिकवलं काय मी, बाई?"

"मग वर्ग बंद पडेल न."

कुत्रं पोळी खात होतं. सर त्याच्याकडेच बघत म्हणाले, "पडला तर पडला. मले आठवड्यात हा एकच तास आहे, हे काही मुद्द्यात बसत नाही."

नव्या चपलांचा खोका मतपेटी झाला. सहा विरुद्ध एक मतांनी वर्ग बंद झाला. ते एक मत कोणाचं, हे मी रेवाला विचारलं, ती म्हणाली, "गुप्त असते न आजी." सरांनी निकाल उभं राहून जाहीर केला, रेवाच्या अर्जाचं सर्वांसमोर कौतुक केलं, आणि मग फळा पुसला. फळा कोराच होता.

पुढच्या रविवारी आठ वाजता मी गॅलरीत चहा घेत होते. सर कुलूप काढून समाजभवनात गेले. बऱ्याच वेळाने मी तिकडे जाऊन आत डोकावले. सात खुर्च्या मांडलेल्या. कूलर बंद. सर एका कडेला, उकाड्यात घाम पुसत बसलेले. सरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, जाऊन चार वर्षं झाली. त्या घरात दुसरी बाजू मांडणारं कोणी उरलेलं नाही, हे समोर राहून माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

मी घरी जाऊन कागद आणला आणि त्यांच्या हातात दिला. 'विषय: घेतलेले तास परत करणेबाबत.'

सरांनी चष्मा लावला. "दिनांक नाही टाकला."

मी टाकला. मग त्यांनी पिशवीतून एक जाडजूड फाइल काढली. आत माझेच अर्ज, सगळे, माझ्या त्या वेळच्या तोऱ्यातल्या अक्षरात. मला वाटलं, आता खटला चालणार. त्यांनी फक्त एक कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज राहिलं: ग्रामसभा.' दुसऱ्यामागे, 'आज राहिलं: समानता. सातवी ब ने प्रश्न तयार करून आणले होते.' तिसऱ्यामागे, चौथ्यामागे, तसंच.

"काही म्हणायचं आहे, बाई?" सरांनी विचारलं. "तुमची बाजू?"



"पहिल्या अर्जापासून घ्या," मी म्हणाले. "मी दर रविवारी येईन."

सर उठले, खडू घेतला, फळ्यावर 'ग्रामसभा' लिहिलं आणि हळूच कूलरचं बटण दाबलं. मी ऐटीत कूलरसमोरची खुर्ची ओढली आणि बसणार, तेवढ्यात त्यांनी वळून पाहिलं. फक्त कोपऱ्यातल्या बादलीकडे बघत राहिले.

एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांचा विरोध नोंदवून घेत, मी बादली उचलली आणि नळाकडे निघाले.