परबांनी प्लेट तीनदा झाडली

दत्ताराम परब लग्नालासुद्धा डाव्या मुठीत क्लिकर घेऊन येतात. क्लिकर म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. बॉल किती, स्ट्राइक किती, आऊट किती हे सॉफ्टबॉलचा अंपायर त्यावर अंगठ्याने मोजत असतो; तीन स्ट्राइक झाले की बॅटवाला बाद. सुर्ल्यात त्यांच्या भाच्याचं लग्न होतं आणि नवरीची मामी मंगलाष्टकं म्हणायला उभी राहिली. पहिल्या कडव्यात ती बेसूर झाली, परबांचा अंगठा हलला. दुसऱ्यात शब्द विसरली, अंगठा पुन्हा हलला. तिसऱ्यात 'सावधान' वेळेआधीच म्हणून मोकळी झाली, आणि परबांची उजवी मूठ अक्षतांसकट वर गेली. आऊट. मामी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

"रूल काय म्हणता? तीन म्हणजे तीन," एवढंच त्यांनी मला नंतर जेवणाच्या पंगतीत सांगितलं.

हा माणूस माझ्या वाट्याला आला तो सॉफ्टबॉलमुळे, आणि सॉफ्टबॉल आला तो हेडमास्तरांमुळे. मी धारगळच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. आमच्या पीटीच्या सरांची बदली झाली तेव्हा हेडमास्तरांनी मला विचारलं, तुम्ही क्रिकेट बघता ना? मी हो म्हणालो. गुन्हा एवढाच. दुसऱ्या दिवशी मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचा कोच म्हणून माझं नाव फळ्यावर होतं.

पेडणे आणि डिचोलीकडचे निम्मे कोच माझ्यासारखेच बळीचे बकरे. एकजण कबड्डीवाला, एकजण संगीत शिकवणारा. नियम आम्हाला ऐकून माहीत, तेही क्रिकेटच्या वासाचे. एका कोचने एकदा पायाला चेंडू लागला म्हणून एलबीडब्ल्यू मागितली होती. परबांनी मास्क वर केला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, पाणी पियात."

परब मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी खाणीच्या ट्रकांवर हेल्पर म्हणून सुर्ल्याला आले आणि पुढे खाणीच्या फाट्यावर लाल-हिरवं निशाण घेऊन उभे राहू लागले. भरलेला ट्रक कधी सोडायचा, रिकामा कधी थांबवायचा, हे ते ठरवायचे. आवाज खणखणीत, म्हणून कुणीतरी त्यांना एका सामन्यात अंपायर म्हणून प्लेटच्या मागे उभं केलं. पुढे खाण बंद झाली, ट्रक थांबले, पण परब थांबले नाहीत. थांबणं त्यांच्या रक्तातच नाही. बसमध्ये जागा असली तरी दाराशी उभे, आणि उतरायचं ठिकाण यायच्या आधीच्या थांब्यावर उतरून चालायला लागणार.

सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशीही त्यांचा वाद. तो सायकल चालवता चालवता हॉर्न वाजवतो आणि घर ओलांडून पुढे जातो. "पयलो थांबाचा, मगे वाजवचा. पिचर तरी चेंडू टाकच्या आधी थांबता मरे." पोदेर आता त्यांच्या दाराशी दोन्ही पाय टेकतो, दोन श्वास घेतो आणि मग हॉर्न वाजवतो. गल्लीतल्या बाकीच्यांना तोवर पाव मिळत नाहीत.

दुसरी खोड ब्रशची. होम प्लेट म्हणजे जिच्याशी बॅटवाली उभी राहते आणि जिथे धाव पुरी होते ती जमिनीतली पांढरी पाटी; तिच्यावरची माती झाडायला अंपायरकडे हातभर नव्हे, वीतभर ब्रश असतो. परबांचा मागच्या खिशात कायम. बसची सीट, देवळाची पायरी, माझ्या स्टाफरूममधली खुर्ची, सगळं झाडल्याशिवाय ते टेकत नाहीत. आणि झाडताना पाठ मैदानाकडे करायची, हा अंपायरांचा शिरस्ता, म्हणून माझ्या स्टाफरूममध्येही ते आम्हा सगळ्यांकडे पाठ करून झाडतात.

नियमांचं पुस्तक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. एकदा पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर मुली असताना चेंडू उंच उडाला, बेसजवळ राखणाऱ्या मुलीने सोपा झेल सोडला, आणि परबांनी बॅटवालीला तरीही बाद दिलं. सुटलेल्या झेलावर आऊट म्हटल्यावर पालक मैदानात घुसले. परब प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले आणि नियम वाचू लागले, आधी इंग्रजीत, मग मालवणीत, मग उदाहरणासकट. झेल मुद्दाम सोडून बेसवरच्या दोघींना कुणी फसवू नये म्हणून हा नियम आहे, हे त्यांनी दीड पान समजावलं. एक पान होईपर्यंत पालक भजी खायला गेले होते. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक कोचला पुस्तकाची झेरॉक्स दिली. माझी प्रत घरी आली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली. टेबल फार छान बसलं.

आता त्या सामन्याचं सांगतो. सांगायचं मनात नव्हतं, पण त्याशिवाय परब कळायचे नाहीत.

जिंकलो तर आमच्या मुली पुढच्या फेरीत जाणार होत्या. समोर केरीच्या बाजूचा संघ. शेवटचा डाव, धावा सारख्या, केरीची मुलगी दुसऱ्या बेसवर. पुढच्या मुलीने चेंडू लांब मारला. दुसऱ्या बेसवरची वारा प्यायल्यासारखी धावत तिसऱ्यावरून वळली आणि होमला पोहोचली. तिसरा बेस आमची संजना राखत होती. ती माझ्याकडे बघून ओरडली, "सर, तिणें बेस शिवूक ना!"

मी बाहेरून म्हणालो, "अंपायराक दिसता. तू गप रव."

परबांनी हात वर करून खेळ थांबवला आणि प्लेट झाडू लागले. प्लेट स्वच्छ होती. सरळ झाले, माझ्याकडे पाहिलं, संजनाकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकून झाडू लागले. मग तिसऱ्यांदा. माझा पारा चढला. एक तर धाव गेलेली, त्यात ह्यांची झाडलोट. मीच ओरडलो, "अंपायर, खेळ सुरू करा की!"

परबांनी ब्रश खिशात घातला. मग मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "प्ले." पुढचा चेंडू पडला. आमच्या डावात आम्हाला एकही धाव करता आली नाही, आणि एका धावेने आम्ही हरलो.

संजना सरावाला यायची बंद झाली. मी म्हटलं, हरल्याचा रुसवा असेल, जाईल. तिसऱ्या आठवड्यात तिची आई शाळेत आली आणि मला बाजूला घेऊन विचारू लागली, "सर, दोळे तपासपाचो कॅम्प खंय आसा काय? आमचें चेडू, संजना, म्हणता, आपणाक वायट दिसता. बेस शिवलेलो, आनी आपणाक शिवूक ना असो दिसलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेरा वर्षांची पोर स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन बसली होती, कारण मी तिला गप्प बसवलं होतं. घरी गेलो, टेबल उचललं आणि झेरॉक्स काढली. टेबलाच्या पायाचा गोल ठसा नेमका त्याच प्रकरणावर उमटला होता. धावणारी बेस शिवायची चुकली, तर अंपायरने आपणहून काही म्हणायचं नाही. समोरच्या संघाने अपील करायचं, अंपायरकडे, पुढचा चेंडू पडायच्या आत. अपील केलं तर ती बाद, धाव रद्द. नाही केलं, तर अंपायरने पाहिलं असो वा नसो, धाव धाव.

म्हणजे परबांनी पाहिलं होतं. पाहून प्लेट झाडत बसले होते. माझं डोकं असं फिरलं की रविवार उजाडायची वाट बघणं कठीण झालं. रविवारी जेवण होताच स्कूटर काढली आणि दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन डिचोलीवरून सुर्ल्याला गेलो. वाटभर भांडण पाठ करत होतो.

परबांच्या अंगणात बारा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चार-चारच्या तीन ओळी. समोर फळा. त्यावर खडूने लिहिलं होतं: कोच लोकांसाठी नियमवर्ग. रविवार, साडेतीन. बाजूला चहाचा थर्मास आणि बारा पेले, उपडे. माणूस एकही नाही. परब खुर्च्यांच्या मधून येरझाऱ्या घालत होते. मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"मास्तर," ते म्हणाले. "इलात?"

तेव्हा मला आठवलं की शाळेत परबांच्या अक्षरातलं एक पत्र आलं होतं. मी ते पूजेचं आमंत्रण समजून न उघडता खणात टाकलं होतं.

"केव्हापासून चाललाय हा वर्ग?" मी विचारलं.

"तुमच्या मॅचीपासून. हो तिसरो रविवार." त्यांनी पहिल्या ओळीतली खुर्ची ब्रशने झाडली. "खुर्चे मंडळाचे. सकाळी हाडतंय, सांजेक परत करतंय."

पाठ केलेलं भांडण तोंडातच राहिलं. तरी म्हणालो, "तुम्ही पाहिलं होतं."

"बघलंय. वीतभर लांबसून गेली ती."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारूक नाय." क्लिकर त्यांच्या मुठीत कटकट करत होता. "ता चेडू तुमका सांगी होता, माका नाय. एकदा माझ्याकडे बघून म्हटल्यान असता, तर पुरे होता. मी तीनदा प्लेट झाडलंय, मास्तर. तीनदा. चवथ्यांदा झाडलंय असतंय, पण तुम्हीच म्हणालात, खेळ सुरू करा."

मी खुर्चीत बसलो. त्यांनी चहा ओतला, एक मला, एक स्वतःला, आणि सवयीने तिसरा पेलाही सरळ केला. मग तो तसाच रिकामा ठेवला. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा आखातात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या अंगणात बसणं वेगळं.

"ता चेडू बरा आसा मरे?" त्यांनी विचारलं.

मी डोळ्यांच्या कॅम्पचं सांगितलं. परबांच्या हातातला क्लिकर थांबला. गेल्या इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच थांबलेला पाहिला. मग म्हणाले, "फुडल्या रविवारी तिका हाडा."

पुढच्या रविवारी मी संजनाला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. वाटेत तिला नियम सांगितला, आणि चूक माझी होती हेही सांगितलं. ती अंगणात आली, बारा खुर्च्या पाहिल्या, आणि न बसता सरळ परबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आजो," ती म्हणाली, "अपील. तिणें तिसरो बेस शिवूक ना."

परबांनी पुस्तक पिशव्यांतून काढलं. ते आपोआप त्याच पानावर उघडलं. त्यांनी बोट ठेवून तिला ओळ वाचून दाखवली. "फुडचो चेंडू पडलो, की अपील संपला. उशीर झालो, बाय. नियमात बसना नाय."

"जाणां," संजना म्हणाली. "सरांनी सांगलां. तरी."

परबांनी पुस्तक मिटलं. टोपी सरळ केली. दोन पाय जुळवले. आणि नियमात कुठेही न बसणारी ती उजवी मूठ सावकाश खांद्याच्या वर गेली, आणि वरच राहिली.

"आऊट," ते म्हणाले. "तुझे दोळे बरे आसत."

मग त्यांनी मागच्या खिशातून ब्रश काढला, आमच्याकडे पाठ केली आणि घराची पायरी झाडू लागले. पायरीवर काहीही नव्हतं. संजना पहिल्या ओळीतल्या खुर्चीत बसली आणि मी तिच्या शेजारी. ते तोंड आमच्याकडे करेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो.