नसीमताईंच्या निगरगट्ट पेशी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नसीमताई संध्याकाळी दारात चपला काढता काढता शिव्या देतात. माणसांना नव्हे, पेशींना. "निगरगट्ट मेल्या! आजही जिवंत!"

मेंदूतल्या गाठीच्या पेशींना प्राणवायू कमी पडला तर त्या काय करतात, हे त्या प्रयोगशाळेत पाहतात. ईदलाही शिरखुर्म्याचा डबा आमच्या हातात देऊन तिकडेच पळतात. दुसरा विषय त्यांना येत नाही. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर बोलायला उभ्या राहिल्या आणि रक्तवाहिन्यांत शिरल्या. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आपण पाणी केव्हा येणार तेवढंच सांगा."

माझ्या पत्नीच्या, सुधाच्या मेंदूत तशीच गाठ निघाली. भेटायला येणारा प्रत्येक जण प्राणायाम सुचवून जाई. शेवटी सुधाने नसीमताईंनाच विचारलं, "मी श्वासाला कमी पडले का हो?"

"छे! गाठ इतकी भराभर वाढते की तिच्या आतपर्यंत रक्तच पोचत नाही. आतल्या पेशींनी गुदमरून मरायला हवं. पण त्या प्राणवायूवाचून साखरेवर भागवतात, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात, नाहीतर पुढे सरकतात. तुमचं काही चुकलेलं नाही. श्वास घ्या, तुम्हाला बरं वाटेल. त्यांना ढिम्म फरक पडत नाही."

त्या दिवशी सुधा पोटभर जेवली.

नसीमताई मग रोज येऊ लागल्या. पुढे सुधाचे शब्द जाऊ लागले. पेशींचं बोलणं तिला कळेना, पण कुणी बोलत राहिलं की तिचा चेहरा उजळे. नसीमताई नुसत्याच बसून राहत. बोलणार काय?

एक दिवस त्या पिशवी घेऊन आल्या. "सुधाताई, मंडईत गेले होते. पालक बघा किती छान!"

सुधाने जुडी निरखली, एक पान तोडलं आणि नसीमताईंच्या तोंडात घातलं. नसीमताईंचा चेहरा वेडावाकडा झाला. तो आंबट चुका होता. सुधा हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी ती पुन्हा हसली नाही.

दाराशी मी विचारलं, "तुम्ही आणि मंडईत?"

"सकाळी जाते हो. आज पहिल्यांदाच घेतलं, एरवी नुसती बघते. त्यांच्याशी बोलायला काहीतरी हवं ना."

सुधा गेली त्याला आता वर्ष होईल. परवा बेल वाजली. नसीमताई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या.

"मंडईत अंजीर आलेत," त्या म्हणाल्या. "घरी सांगायला कुणी नाही."

मी त्यांना आत बोलावलं आणि विचारलं, "आणखी काय काय आलंय?"