भिकाआबांच्या घराचं माप

भेंडवाडीत नवी घरपट्टी येणार हे कळलं, तेव्हा सगळ्यात आधी भिकाआबा तापले. आजवर ग्रामपंचायत जुन्या अंदाजानं घरपट्टी घ्यायची. आता घरोघरी टेप लावून मोजणी होणार आणि जेवढं घर तेवढा कर बसणार. शेजारच्या आंबी गावाकडे कंपन्या आल्या म्हणून आपल्या चुलीवर कर का वाढावा, हे वाडीतल्या कुणालाच उमगत नव्हतं.

"नळाला दिसाआड पाणी. गटार अर्ध्यात सोडलंय. अन् कर मातर पुरा पायजे," आबा म्हणाले. "मोजणीवाल्यांला उंबरा वलांडू द्यायचा न्हाई. ते येतील त्या दिवशी समद्यांनी कुलपं ठोकायची अन् देवळाम्होरं बसायचं."

आबा तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथं युनियनमध्ये पुढे असायचे, त्यामुळे बोलणं खणखणीत. वाडीनं माना डोलावल्या.

मोजणीच्या दिवशी आबा सकाळीच देवळापुढे सतरंज्या घालायला गेले. ते तिकडे असताना इकडे त्यांच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, हातात टेप, तोंड उन्हानं लाल झालेलं.

"मावशी, प्यायला पाणी मिळेल का? सगळीकडे कुलपंच आहेत."

आबांच्या बायकोनं, चंपाबाईंनी, पाणी दिलं आणि रीतीप्रमाणे गाव विचारलं, नाव विचारलं. मुलगी सुदुंबऱ्याची, नाव प्रेरणा, आणि सकाळपासून पोटात काही नाही. एवढं कळल्यावर टेपाचं काय करायचं हा प्रश्नच उरला नाही. चंपाबाईंनी तिला मागच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि तवा ठेवला. जाताना दोघींच्या चपलाही आत घेतल्या, कारण शेजारचं कुत्रं चपला पळवायचं.

थोड्या वेळानं आबा घराला कुलूप लावायला आले. ओट्यावर चपला नाहीत, म्हणजे बायको बायकांबरोबर देवळाकडे गेली असणार, असं त्यांनी धरलं. दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं आणि ते सभेला गेले.

सभा रंगली. बोलता बोलता आबांना भरून आलं. त्यांनी खिशातली किल्ली काढून उंच धरली.

"ही घरपट्टी मागं घेत न्हाईत, तवर ह्ये कुलूप उघडणार न्हाई," असं म्हणून त्यांनी ती देवळामागच्या जुन्या विहिरीत टाकली.

टाळ्या पडल्या. मग वाडीतल्या नंदाबाई उठल्या आणि त्यांनीही आपली किल्ली टाकली. पुढाऱ्यानं टाकली, बाईनं टाकली, मग आपणच मागं कसं राहायचं, म्हणून बाकीचे रांगेनं विहिरीकडे गेले. वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या विक्कीनं तर घराची आणि दुकानाची असा जुडगाच सोडला. शेवटची किल्ली बुडाली आणि आबांचा मोबाइल वाजला.

"अवो," चंपाबाई म्हणाल्या, "भाईरनं कुलूप तुमी लावलंय का?"

"लावलंय की. तू कुटं हाईस?"

"आत. आमी दोघी आत हाओत."

"दोघी म्हंजी?"

"मी अन् मोजणीवाली पोरगी. ल्येक गुनाची हाय वो. पन तिला पुढं जायाचंय, तवा या अन् कुलूप काढा."

आबांनी फोन बंद करून विहिरीकडे पाहिलं. मग विक्कीला बाजूला घेतलं.

"तुझा गिलेंडर घे अन् माझं कुलूप काप."

"गिलेंडर दुकानात हाय, आबा. अन् किल्ली..." विक्कीनं विहिरीकडे बोट केलं.

किल्ल्या काढायला गळ हवा होता. गळ नंदाबाईंच्या माळ्यावर होता आणि नंदाबाईंचं घर बंद होतं. विहीर उपसायची तर मोटार होती, पण तिचा स्टार्टर ज्या खोलीत होता तिची किल्ली आत्ताच, सगळ्यांच्या टाळ्यांत, खाली गेली होती. वाडीतली एकच उघडी जागा होती, ती म्हणजे ग्रामपंचायतीचं कार्यालय. तिथं दिव्यांच्या खांबांवर चढायची उंच शिडी होती. म्हणजे आता सरपंचांकडे जाणं आलं.

सरपंच अंबाजीभाऊ सकाळपासून कार्यालयात एकटेच बसून होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि शिडीचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"आबा, दुसऱ्या टोकाला लागा. जड हाय."

आंदोलनाचे पुढारी आणि सरपंच एकाच शिडीखाली चालत आलेले पाहून देवळापुढची माणसं उठून मागोमाग आली. शिडी आबांच्या गच्चीला लावली आणि किल्लीचं काय झालं ते विक्कीनं खालूनच ओरडून सांगितलं. चंपाबाई वर येऊन कठड्याशी उभ्या राहिल्या.

"उतर खाली," आबा म्हणाले.

"समद्या गावाम्होरं लुगडं सावरत शिडी उतरू? माझं गुडघं काय तुमच्या किल्लीवानी फेकायचं हाईत? च्या ठेवलाय, तुमीच वर या."

चहा म्हटल्यावर आबांमागून सरपंच चढले, विक्की चढला, आणि सकाळपासून घशाला कोरड पडलेले आणखी बरेच जण चढले. गच्चीवरून जिना उतरून सगळे आबांच्याच घरात आले. स्वयंपाकघरात प्रेरणा बसली होती. टेप गुंडाळलेला होता.

"मोजलंस का घर?" आबांनी करड्या आवाजात विचारलं.

"नाही, आबा. तुमचा विरोध आहे हे मावशींनी सांगितलं. तुम्हाला न विचारता कशी मोजणार? आणि मावशींनी जेवायला घातलं, त्या घरात चोरून टेप लावणं मला जमलं नसतं."

आबांचा आवाज खाली आला. आपण एका परक्या पोरीला कोंडून तासभर भाषण केलं, हे त्यांना आत्ता नीट जाणवलं. "चुकलं बाय माझं," ते म्हणाले.

"राहू द्या. कुलपाच्या घरांना जुना अंदाजच लावायचा आहे. तुमचा आहे," तिनं मोबाइलवर पाहिलं, "दोन खोल्या, कच्चं बांधकाम."

"लावा त्योच," सरपंच बशीत चहा ओतत म्हणाले. "आबांची बी तक्रार न्हाई, माझी बी न्हाई."

आबांना खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांनी कप खाली ठेवला.

"कच्चं?"

"असं आहे नोंदीत."

"ह्या विटा भट्टीवर जाऊन एकेक वाजवून आणल्यात मी. रातपाळी करून यायचो अन् न झोपता स्लॅबवर पानी मारायचो. ह्या बाईनं डोईवर वाळू वाह्यलीय. अन् दोन खोल्या? माजघर कुटं गेलं? ह्यो जिना काय शेजाऱ्याचा हाय?"

"आबा, अवो गप बसा," विक्की कुजबुजला. "कमी लागतीय."

"कमी लागू दे न्हाईतर जास्ती. टेप काढ, पोरी."

प्रेरणानं सरपंचांकडे पाहिलं. सरपंच चहा पीत होते. तिनं टेप उलगडला, आणि दुसरं टोक आबांनी स्वतः भिंतीला दाबून धरलं.

"तेरा फूट," ती म्हणाली.

"साडेतेरा हाय. नीट बघ."

शिडीनंच वर येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या नंदाबाई म्हणाल्या, "आमचं माजघर ह्याच्यापरीस मोठं हाय. पोरी, उद्याच्याला माझ्याकडं येतीस का? किल्ली घावली की उघडते."

"म्हंजे विरोध मिटला म्हनायचा का, आबा?" सरपंचांनी विचारलं.

"कशानं मिटंल? गटार होईस्तवर एक पैसा भरायचा न्हाई. उद्या परत देवळाम्होरं बसनार हाओत." आबांनी टेपाचं टोक अंगठ्यानं आणखी घट्ट दाबलं आणि बायकोकडे पाहिलं. "चंपे, ते कपाट जरा सरकीव. भिंत त्याच्या मागं हाय."