गढीसाठी एक सही

आमच्या शेजारचे दत्ताकाका कुठल्याही दारातून वाकूनच आत येतात. टेक्ससच्या शुगर लँडमधल्या आमच्या घराचं दार आठ फुटी, काका जेमतेम सव्वापाच फूट, तरी वाकतात. "गढीच्या दिंडी दरवाज्यानं लावलेलं वळण आहे. तिथं वाकला नाहीत तर कपाळ फुटतं."

गढी म्हणजे त्यांच्या घराण्याची, मराठवाड्यातली, चार बुरुजांची. काकांची सगळी नोकरी इथल्या तेल कंपनीत गेली, पण पॉटलकच्या रांगेत हातात ताट घेऊनही ते बुरूजच सांगतात. माझ्या मुलीला त्यांनी भिंतीतल्या जंग्या समजावल्या. "सो, विंडोज फॉर शूटिंग?" तिनं विचारलं. "बरोबर," काका म्हणाले.

गढी सरकारनं संरक्षित स्मारक म्हणून जाहीर करावी, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी एकतीस वारसांच्या संमतीच्या सह्या त्यांनी एकेकाच्या मागे लागून मिळवल्या. याला ते 'पाठपुरावा' म्हणतात. नातेवाईक त्यांचा नंबर दिसला की फोन सायलेंट करतात.

बत्तिसावी सही धाकट्या भावाची, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या अरुणकाकांची. वाटणीवरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते.

"काका, फ्लाइट बुक करतो ना."

"विमानात कागद हरवतात. गाडीनं जायचं."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते एकटेच निघाले असते, म्हणून मी रजा टाकली. दोन दिवस ड्राइव्ह केलं. फाइल काकांच्या मांडीवर, सीटबेल्टच्या आत.

अरुणकाकांनी दार अर्धंच उघडलं. "काय काम काढलंत?"

"सही हवी."

त्यांनी उभ्या उभ्या पानन् पान वाचलं आणि म्हणाले, "पूर्वेचा बुरूज पडका लिहिलाय. तो पडका कधी होता?" झालं. भांडण जुंपलं. मधे चहा झाला, मग पिठलं-भाकरी झाली, मग पुन्हा भांडण. आम्ही दोन रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सही झाली.

परतताना टेनेसीत पेट्रोल भरायला थांबलो. काका उतरताना फाइल निसटली, कागद पसरले. गोळा करताना पुरातत्त्व खात्याचं एक पत्र हाती लागलं. गढी संरक्षित जाहीर झाली होती, यापुढे कोणाच्याही संमतीची गरज नव्हती. पत्रावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.

"काका, सही लागणारच नव्हती?"

"नव्हती." त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन कडेला कड जुळवली. "नुसता भेटायला आलोय म्हटलं असतं, तर त्यानं दार उघडलं नसतं."

गाडीत बसल्यावर थोड्या वेळानं म्हणाले, "आणि कामाशिवाय मीही निघालो नसतो."