दोन मिलिमीटरवरचा ओरखडा

“लिही, सुनीती. ‘दीनानाथ आगाशे. खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात. निवृत्तीनंतर पूर्णवेळ गुप्तहेर. नजर घारीची, चाल मांजराची. पुरावा आजवर या नजरेतून सुटलेला नाही.’”

“मामा, पुरावा तुमच्या पायाखाली आहे. जरा सरका.”

मामा सरकले. खाली स्टिकरांचा छापलेला कागद होता, त्यावर चकचकीत लॅमिनेशन, लॅमिनेशनवर ओरखडे, आणि आता एका चपलेचा ठसा. मी मामांची भाची. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि सुट्टीत मामांची बिनपगारी मदतनीस असते.

सदाशिव पेठेतलं हे दुकान माझ्या मैत्रिणीचं, अपूर्वाचं. नोकरी सोडून तिने ते थाटलं आणि खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने लॅपटॉपवर लावायच्या स्टिकरांची पहिली मोठी ऑर्डर दिली. छपाई झाली, लॅमिनेशन झालं. पण दसऱ्याच्या सुट्टीनंतर कटर सुरू केला, तर तो स्टिकर कापता कापता ओरखडत होता.

“काका, सहाला माल पोचवायचाय,” अपूर्वा मामांना म्हणाली. “जादाचे तीनच कागद आहेत. ते संपले की ऑर्डर गेली.”

मी भिंगातून पाहिलं. प्रत्येक ओरखडा म्हणजे कापाची हुबेहूब नक्कल होती, फक्त दोन मिलिमीटर उजवीकडे सरकलेली.

“म्हणजे ओरखडणारी वस्तू पात्याबरोबरच फिरतेय,” मी म्हणाले.

“म्हणजे गुन्हेगार दोन आहेत,” मामा म्हणाले. “एक पुढे चालतो, दुसरा दोन मिलिमीटरवरून त्याच्यावर पाळत ठेवतो.”

पहिला संशय समोरच्या छपाईवाल्या यज्ञेश्वररावांवर. त्यांची नखं तपासायला मामा रस्ता ओलांडून गेले आणि चार मिनिटांत परतले.

“काय म्हणाले?”

“नखं कापलेली आहेत. बाकीचं लिहून घेण्यासारखं नाही.”

दुसरा संशय लॅमिनेशनवर. ते कच्चं आहे हे दाखवायला मामांनी जादाच्या एका कागदावर किल्ली जोरात घासली. ओरखडा पडला. “सिद्ध झालं!”

“काय सिद्ध झालं?” अपूर्वाने विचारलं. मामा पुढच्या सिद्धांताकडे वळले.

तिसरा सिद्धांत पात्याच्या दाबाचा. मामांनी दाब शेवटपर्यंत कमी करायला लावला आणि दुसरा कागद घातला.

“बघ, ओरखडा किती फिका!”

“काका, कापच झाला नाहीये.”

एकच जादाचा कागद उरला. अपूर्वा खुर्चीत बसून घड्याळाकडे पाहू लागली. तेवढ्यात दुकान झाडणाऱ्या कांताबाई आल्या. कटरखाली झाडू घालताना त्या थांबल्या.

“ताई, हितं तांदूळ सांडल्यात. मशिनीलाबी एक चिकटलाय.”

पातं ज्या नळीत बसतं तिच्या तळाला, पात्याच्या शेजारी, कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा होता. वाळून खडा झालेला. कांताबाईंनी तो नखाने उडवला.

“खंडेनवमीची पूजा कुनी केली व्हती?”

अपूर्वाने छताकडे पाहिलं. मी भिंग पुसायला घेतलं. वडीलधारे म्हणून पूजेला मामांनाच बोलावलं होतं. ‘या यंत्रात शस्त्र म्हणायचं ते पात्यालाच’ असं म्हणून त्यांनी कटरचं झाकण उघडलं होतं आणि नेमकं तिथेच ओलं कुंकू आणि अक्षता लावल्या होत्या.

अपूर्वाने दाब पूर्ववत केला आणि शेवटचा जादाचा कागद घातला. काप स्वच्छ. ओरखडा नाही.

“फुढच्या साली नुस्तं फूल वाहा, साहेब,” कांताबाई म्हणाल्या. “त्ये बी झाकनावर.”

पाच वाजता सगळी स्टिकरं खोक्यात भरून अपूर्वा स्कूटरवरून खराडीला निघाली. सव्वासहाला तिचा फोन आला. माल घेतला होता, पुढच्या महिन्याची ऑर्डरही दिली होती.

मामांनी घसा साफ केला. “लिही, सुनीती. ‘आरोपी, तांदळाचा एक दाणा. त्याच्या साथीदाराची ओळख अद्याप पटलेली नाही.’”

प्रयोगवहीत जे दिसतं तेच लिहायचं, अशी माझी सवय. मी लिहिलं, ‘साथीदार : पुरुष, वय त्रेसष्ट, उंची पाच फूट चार इंच.’

मामांनी खांद्यावरून वाकून वाचलं.

“पाच-पाच लिही,” ते म्हणाले.