दाजीकाकांच्या दोन गोळ्या

आमच्या लालबागच्या चाळीतले दाजीकाका वडासुद्धा तुलना केल्याशिवाय खात नाहीत. दोन गाड्यांवरून एकेक घेतात, दोन्ही संपवतात आणि मग म्हणतात, "पयलो बरो होतो." दोन बघल्याशिवाय एक घेवचा नाय, हे त्यांचं तत्त्व.

"लग्नाच्या वेळीही दोन बघितल्या?" आईने एकदा विचारलं.

"तेव्हा एकच बघलंय. दुसरी बघूची गरज पडूक नाय."

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी काकांच्या पायात, आतल्या शिरेत, रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी, वर्षानुवर्षं चालत आलेली जुनी गोळी दिली. तिच्यासोबत सारखी रक्ततपासणी, आणि पालेभाजी नेहमी सारख्याच प्रमाणात खायची. काकांनी ठरवलं, सगळ्यात सारखं प्रमाण म्हणजे शून्य. शेजारून येणाऱ्या माठाच्या, मेथीच्या वाट्या ते दारातूनच परत पाठवू लागले. हळूहळू वाट्या यायच्याच थांबल्या, अगदी कालवणाच्यासुद्धा. "त्यांना आपलं चालत नाही," आई म्हणायची.

यंदा डॉक्टरांनी नवी गोळी सुचवली. काका थेट माझ्याकडे आले. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच, त्यामुळे चाळीला मी अर्धी डॉक्टर वाटते. मला तसं वाटत नाही.

"सांग गो चेडवा, जुनी बरी काय नवी?"

मी चाचरत सांगितलं, "नवीला सारखी तपासणी लागत नाही. पण एकही चुकवायची नाही, तिचा परिणाम लवकर ओसरतो. रक्तस्रावाची भीती दोन्हींत आहे."

"ता होऊंदे. पालेभाजी?"

"चालते... बहुतेक."

"बहुतेक नको."

म्हणून दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काकांच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "नवी चालेल, पालेभाजीही. आणि काका, जुनीबरोबरही भाजी बंद करा असं मी म्हटलं नव्हतं."

माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपभर लाल माठ शिजवला आणि घरोघर वाट्या वाटल्या. आईने चाखून तोंड वाकडं केलं. मीठ दोनदा पडलं होतं. तरी तिने वाटी धुतली, तीत खोबरं घातलेली मेथी भरली. "वाटी रिकामी परत करायची नसते," म्हणत मला पाठवलं. काकांच्या दारात माझ्याआधी दोघी-तिघी भरल्या वाट्या घेऊन उभ्या होत्या.

"ठेव थय. आवशीक सांग, वाटी उद्या भरून धाडतंय."

तो माठ आठवून मी घाईने म्हणाले, "वाटी तुमचीच आहे, तुमच्याकडेच राहू दे, काका."

"मगे तू परत कशाक येशीत?"